मागच्या बाजूचं लाल बटण

बाबा,

मला तुमच्याशी भांडायचं आहे आणि तुम्ही नाही आहात, ही मोठीच पंचाईत झाली आहे. तुम्ही होतात तेव्हाही भांडण कुठे जमायचं म्हणा. आवाज चढला की तुम्ही चष्मा काढून पुसायला घ्यायचात, आणि चष्मा पुसत बसलेल्या माणसाशी कोण किती वेळ भांडणार? आता तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्या नातीला तुम्ही फक्त भिंतीवरच्या फोटोतले माहीत आहात. पण परवा इथल्या सी-स्कीम भागातल्या एका दुकानात दुकानदार सहज काहीतरी बोलून गेला आणि मी खरेदी टाकून तडक बाहेर आले. तेव्हापासून मी घरात कुणाशी धड बोललेले नाही. जे कळलं ते दोनच माणसांना सांगण्यासारखं आहे, एक तुम्ही आणि एक आई. आईला काय सांगितलं ते पुढे लिहीन. आधी तुम्ही ऐका.

दुकानात गेले होते ती पॉवर सप्लाय, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा, घ्यायला. मी घरून काम करते, सीतापुऱ्यातल्या एका एक्स्पोर्टवाल्यासाठी कापडावरच्या छपाईची डिझाइनं करते. त्या मोठमोठ्या फायली उघडताना माझा जुना लॅपटॉप धापा टाकायला लागला होता. तुमची नात म्हणाली, मम्मा, आता डेस्कटॉपच जोडून घेऊ. हल्ली तयार मशीन घेत नाहीत, एकेक भाग निवडून आणतात. बाकीचे भाग तिने बसल्या बसल्या निवडले. गाडी अडली ती पॉवर सप्लायपाशी. तुमच्या वेळी तो डबा कॅबिनेटबरोबर आपोआप यायचा, त्याच्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नसे. आता तो वेगळा निवडावा लागतो. किती वॅटचा, कुठल्या दर्जाचा, वायरी पुरतील का, ग्राफिक्स कार्डासाठी स्वतंत्र जोडणी आहे का. मी सगळ्या भागांची बेरीज केली आणि जेमतेम पुरेल असा साडेचारशे वॅटचा काढला. ती म्हणाली, "मम्मा, इतका टाइट नाही घेत कोणी. मतलब, तो सारखा फुल लोडवर चालेल ना. साडेसहाशेचा घे." मी म्हणाले, "लागतं तेवढंच घ्यावं माणसानं." वाक्य तोंडातून बाहेर पडलं आणि मलाच हसू आलं, कारण ते माझं नव्हतंच, तुमचं होतं. पंखा दोनवर, गीझर पाणी कोमट होईपर्यंत, दिवाणखान्यात दोन ट्यूबलाइट असताना एकच चालू. दोन आकडे समोर आले की खालच्या आकड्यावर बोट ठेवायचं, ही तुमची जन्माची खोड. विमा कंपनीत तुम्ही लोकांचे दावे तपासायचात, तिथेही तुमचं बोट कुठल्या आकड्यावर जात असेल ते मला विचारू नका.

दुकान तळघरात आहे. दुकानदार माझ्याहून मोठा, बोलका, हे काम बरीच वर्षं केलेला. त्याने दोन्ही खोकी आम्हा मायलेकींसमोर काउंटरवर ठेवली. मी साडेसहाशेवाला डबा बाहेर काढून उलटासुलटा करून पाहिला. मागे वायर खोचायची जागा होती, एक काळं बटण होतं, बस. आपल्या पहिल्या कॉम्प्युटरच्या मागे एक छोटं लाल सरकतं बटण होतं, एका बाजूला ११५ आणि दुसऱ्या बाजूला २३० लिहिलेलं. मी विचारलं, "भैया, इसमें वो लाल स्विच नहीं है?"

तो हसला. "मैडम, वो तो कब का गया. अब सब ऑटोमेटिक है, जितना वोल्टेज मिले, खुद सँभाल लेता है. अच्छा हुआ गया. बहुत फटते थे."

"फटते थे?"

"अरे, गर्मियों में शाम को वोल्टेज गिर जाता था ना. कंप्यूटर चालू ही नहीं होता था. तो होशियार लोग क्या करते, लाल स्विच को एक सौ पंद्रह पे कर देते. चल भी जाता था, लोग खुश. फिर सुबह पूरा वोल्टेज आया, किसी ने बटन दबाया, और धड़ाम! हम जाके नया लगाते, साहब को समझाते कि गलती कहाँ हुई, और स्विच पे काली टेप चिपका देते कि कोई दोबारा ना छेड़े."

मी डबा खाली ठेवला. त्याला परत येते म्हणाले आणि जिना चढून रस्त्यावर आले. तुमच्या नातीला वाटलं मी पुन्हा साडेचारशेवर घसरले. ती पाठोपाठ येऊन मला वॅटचा हिशेब समजावत राहिली आणि मला त्यातला एक शब्द ऐकू येत नव्हता. समोरून गाड्या जात होत्या, रिक्षावाले थांबून विचारत होते, आणि मी आपली तुमच्यासोबत त्या भाड्याच्या घरात, टेबलाखाली.

आठवतं का? मे महिना आहे. ऑफिसातून कर्ज काढून तुम्ही कॉम्प्युटर आणला आहे आणि त्याच्यावर आईने भरतकाम केलेलं झाकण आहे. आपल्या गल्लीतल्या शाळेच्या मुख्याध्यापिका आईला म्हणाल्या आहेत की कॉम्प्युटर शिकून घ्या, ऑफिसात जागा आहे. आईने लग्नाआधी साताऱ्याला टायपिंगची परीक्षा दिलेली, तिची बोटं चालायची. तुम्ही रोज संध्याकाळी चहा झाला की तिला शिकवायला बसायचात, आणि ते मी मनापासून सांगते, छान शिकवायचात. पण उन्हाळा वाढला तशी संध्याकाळची वीज मेल्यासारखी झाली. बल्ब पिवळा पडायचा, फ्रिजच्या स्टॅबिलायझरचा काटा तळाला टेकायचा आणि तुम्ही त्या काट्यासमोर कमरेवर हात ठेवून उभे राहायचात. कॉम्प्युटर चालूच व्हायचा नाही. आईची शिकवणी बुडायची. सोमवारी तिला शाळेत जाऊन काम करून दाखवायचं होतं. आणि मग त्या संध्याकाळी तुम्ही टेबलाखाली शिरलात. बॅटरी माझ्या हातात होती. तुम्ही म्हणालात, "इथे दोन पर्याय दिलेत बघ. खालचा लावून बघू." कट् असा आवाज झाला, आणि काय आश्चर्य, मशीन सुरू. आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तुम्ही कपाळावरचा घाम पुसत म्हणालात, "नुसते कागद चाळत नाही मी ऑफिसात." आईने शिरा केला. ही संध्याकाळ मी किती जणांना सांगितली असेल, बाबा. तुमच्या जावयांना, त्यांच्या आईवडिलांना, मुलीला तर झोपवताना. आमचे बाबा काहीही दुरुस्त करायचे.

आणि दुसरी गोष्ट, जी मी तितक्याच वेळा सांगितली, ती आईने कॉम्प्युटर फोडल्याची. तुम्ही ऑफिसला गेला आहात. मला सुट्टी आहे, मी दारात उभी राहून आंबा खाते आहे. आईने ओटा आवरला, पदराला हात पुसले आणि पहिल्यांदाच एकटी जाऊन खुर्चीवर बसली. झाकण काढून घडी घातली. भिंतीवरचं बटण, मग मॉनिटर, मग खालचं. सुतळी बॉम्ब घरात फुटावा तसा आवाज झाला. मागून धूर आला, जळका वास आला, आई खुर्चीवरून खाली जमिनीवर बसली आणि कानांवर हात ठेवून मला ओरडून विचारत राहिली की तुला लागलं का, तुला लागलं का. संध्याकाळी तुम्ही आलात, पाहिलंत आणि म्हणालात, "येत नाही तर हात कशाला लावायचा? कोणी सांगितलं होतं?" ती म्हणाली, "अहो, मी फक्त बटण दाबलं." तुम्ही म्हणालात, "तेच तर."

या दोन गोष्टींच्या मध्ये फक्त एक रात्र होती. एवढी वर्षं मी एक तुमच्या हुशारीची म्हणून सांगत आले आणि दुसरी आईच्या वेंधळेपणाची म्हणून, आणि एकदाही मला त्या शेजारी शेजारी ठेवाव्याशा वाटल्या नाहीत. कधीकधी तर एकाच बैठकीत दोन्ही सांगितल्या आहेत.

घरी आल्यावर मी शिडी लावून माळ्यावर चढले. तुम्ही काही टाकून द्यायचा नाहीत, आणि तुमचं आम्ही काही टाकत नाही, म्हणून त्या कॉम्प्युटरचं कॅबिनेट अजून आहे. मागच्या बाजूला काळी टेप होती. ती मला आठवतही होती. मेकॅनिक येऊन नवा डबा बसवून गेला त्या दिवशी तुम्ही आम्हाला बजावलं होतंत की मागच्या टेपला कुणी हात लावायचा नाही, आणि आई स्वयंपाकघरातून म्हणाली होती, "मी तर आता त्या खोलीतच येत नाही." त्याआधी मी खिडकीतून पाहत होते. फाटकापाशी मेकॅनिक तुम्हाला काहीतरी समजावत होता आणि तुम्ही चष्मा काढून पुसत होतात. माळ्यावर, त्या धुळीत, मी नखाने टेप सोलली. खाली तेच लाल बटण होतं, २३० वर. मी तिथेच बसले. मला रडू येईल असं वाटलं होतं, पण नाही आलं.

बाबा, त्या संध्याकाळी तुम्ही आईला जे बोललात त्याचं मला काही नाही. तेव्हा तुम्हाला माहीत नव्हतं, नवं कोरं मशीन जळलं होतं, कुणीही चिडलं असतं. पण मेकॅनिक गेल्यावर तुम्हाला माहीत होतं. फाटकापासून स्वयंपाकघरापर्यंत किती अंतर होतं हो? नुकसान कशामुळे झालं आणि कुणाच्या हलगर्जीमुळे, हे ठरवण्याचा तर तुमचा पगार होता. जेवताना तुम्ही आम्हाला सांगायचात की लोक आपली चूक दुसऱ्यावर कशी ढकलतात, आणि आम्ही घास हातात धरून ऐकायचो.

तुम्ही काय केलंत, तर रविवारी आम्हाला कानोत्याच्या धरणावर घेऊन गेलात, कचोऱ्या खायला घातल्यात, आणि परतताना आईला लहरियाची साडी घेतलीत, सणवार काही नसताना. आई हरखून गेली. म्हणाली, "कॉम्प्युटर फोडला की साडी मिळते हे ठाऊक असतं तर आधीच फोडला असता." ती तुम्हाला उगाच सतावत होती आणि तुम्ही गाडीवाल्याशी बोलायला उठून गेलात. दुसऱ्या दिवशी तीच साडी नेसून ती शाळेत गेली आणि मॅडमना सांगून आली, "मुझसे नहीं होगा." त्या जागेवर दुसरी बाई लागली. आई गच्चीत कपडे वाळत घालायची तेव्हा शाळेची घंटा ऐकू यायची. तुम्हालाही यायचीच की, रविवार सोडला तर.

मग तो विनोद झाला. आई, हात नको लावूस, फुटेल. मिक्सरपासून मोबाइलपर्यंत. मराठी मंडळाच्या गणपतीत, पाहुणे आले की, माझ्या लग्नाच्या बोलण्यांतसुद्धा. आई स्वतः सगळ्यात मोठ्याने हसायची. आज ती सत्तरी ओलांडून गेली आहे आणि एटीएममध्ये माझ्या पाठीमागे उभी राहते, मशीनपासून लांब. तुमच्या नातीने तिला फोनवर साताऱ्याच्या मावशीशी व्हिडिओ कॉल लावून दिला तरी फोन ती हातात घेत नाही, डब्याला टेकवून ठेवायला सांगते. म्हणते, माझा हात लागला की बिघडतं. आणि मला आता हेही आठवतं की तो किस्सा तुम्ही कधीच सांगितला नाहीत. मी सुरू केला की तुम्ही पाणी प्यायला उठायचात. मला वाटायचं, ऐकून ऐकून कंटाळलात.

मी तुमची बाजू घेऊनही पाहिली, खोटं कशाला बोलू. बटण तुम्ही तिच्याच शिकवणीसाठी सरकवलं होतंत. आज सांगू, उद्या सांगू करता करता सगळे हसायला लागले असतील आणि मग सांगायचं तरी कसं, असं झालं असेल. शेवटच्या आजारपणात एकदा तुम्ही तिला म्हणालात, "तुझी नोकरी राहिलीच." मी पलंगाशेजारी मोसंबं सोलत होते. आई म्हणाली, "बरं झालं राहिली. तुमचे डबे कुणी केले असते?" तुम्ही भिंतीकडे तोंड केलंत. मला वाटलं औषधाची गुंगी आली. तेव्हा सांगणार होतात का हो? मला खरंच माहीत नाही, आणि आता कळायचा काही मार्गही नाही. तुमच्यावर माझा इतका जीव आहे की रागावणंही मला नीट जमत नाहीये, आणि तरीही मी अजून तुमच्या फोटोकडे पाहिलेलं नाही.

काल दुपारी आई स्वयंपाकघरात मटार सोलत बसली होती. नवा कॉम्प्युटर बाहेरच्या खोलीत जोडून झाला होता. पॉवर सप्लाय साडेसहाशेचाच आणला, तुमची नात एकटीच जाऊन घेऊन आली. मी आईशेजारी बसले, चार शेंगा हातात घेतल्या आणि म्हणाले, "आई, बाबांचा तो कॉम्प्युटर तुझ्यामुळे नव्हता जळला."

"आता कुठे ते काढतेस," ती हसली.

"खरंच सांगते. त्याच्या मागे एक बटण असतं, ते चुकीच्या जागी होतं. त्या सकाळी कुणीही चालू केला असता तरी तेच झालं असतं."

तिचे हात थांबले. "कुणीही?"

"कुणीही."

ती ताटातल्या दाण्यांकडे बघत बोलायला लागली. "मी आधी भिंतीवरचं लावलं. मग मॉनिटरचं. त्याचा हिरवा दिवा लागायची वाट पाहिली. मग खालचं दाबलं. एकदाच, आणि लगेच बोट काढलं. ह्यांनी शिकवलं होतं तसंच." तिने माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे मी बरोबर केलं होतं?"

"हो आई. सगळं बरोबर केलं होतंस."

"नक्की ना?"

"नक्की."

बाबा, एवढी वर्षं ती हे सगळं रोज मनातल्या मनात करून पाहत होती, कुठे चुकलं ते शोधत. आम्ही हसत होतो तेव्हाही. तिने डोळे पुसले, पुन्हा एक शेंग उचलली, ती नुसतीच हातात फिरवली आणि विचारलं, "ह्यांना माहीत होतं का गं ते?"

मी म्हणाले, "नाही."

"मग ठीक आहे," ती म्हणाली. "माहीत असतं तर मला सांगितल्याशिवाय राहिले नसते ते."

आणि ती मटार सोलायला लागली.

हे लिहून झालं आहे आणि ठेवायचं कुठे हा प्रश्न आहे. तुमचे जावई इथलेच, हिंदी बोलणारे, त्यांना मराठी समजतं पण वाचायच्या फंदात ते पडत नाहीत. तुमची नात शाळेतल्या हिंदीच्या जोरावर चार ओळी वाचते आणि जांभई देते. या घरात हे पत्र एका बैठकीत, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचू शकेल असं माणूस एकच आहे. म्हणून मी हे आता फाडणार आहे.

मी तिच्याशी खोटं बोलले, बाबा, आणि ते तुमच्यासाठी बोलले नाही. तुम्हाला ठाऊक होतं हे तिला माहीत नसलेलं मलाही बरं वाटतंय, आणि तुम्हालाही असंच वाटत गेलं असेल की काय, याची मला कालपासून भीती वाटते आहे.